तिसरी घंटा

आमच्या कोल्हापुरात पत्ता सांगण्याची एक रीत आहे. घराचा नंबर आणि गल्लीचे नाव या गोष्टी पोस्टमनसाठी. माणसाने माणसाला पत्ता सांगायचा तो एखाद्या खुणेवरून. ‘बिंदू चौकातनं खाली उतरा’, ‘महाद्वारापासनं उजवीकडं वळा’, असा. माझे बिऱ्हाड मिरजकर तिकटीच्या बाजूला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी वर्षानुवर्षे एकच खूण सांगत आलो : ‘केशवराव भोसले नाट्यगृहापाशी या आणि कुणालाही ड्रॉइंग मास्तरांचे घर विचारा.’

२०२४ सालच्या दसऱ्यानंतर नाशिकहून माझे एक स्नेही आले. फोनवर मी सवयीने तीच खूण सांगून मोकळा झालो. तासाभराने त्यांचा पुन्हा फोन. म्हणाले, “अहो, तुमचे नाट्यगृह कुठे दिसत नाही. इथे नुसत्या काळवंडलेल्या भिंती आहेत.”

“तेच ते,” मी म्हणालो, “तिथेच थांबा. मी येतो.”

चपला पायात सरकवून मी निघालो खरा, पण त्या पाच मिनिटांच्या वाटेवर पायांना एक विलक्षण जडपणा आला. तो का आला, हे सांगण्यासाठी मला बराच मागे जावे लागेल. दिवाळी आहे, फराळाचे ताट समोर आहे, तेव्हा वाचक थोडा वेळ देतील असा भरवसा आहे.

माझे मामा बोर्ड रंगवीत. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, लग्नमांडवातले ‘सुस्वागतम्’ आणि नाटकांच्या जाहिराती. कोल्हापुरातला प्रत्येक पेंटर आपली गुरुपरंपरा बाबूराव पेंटरांपर्यंत नेऊन भिडवतोच. मामाही त्याला अपवाद नव्हते. त्यांच्या गुरूंच्या गुरूंनी म्हणे बाबूरावांच्या हाताखाली रंग खलले होते. खरेखोटे तो खल जाणे! पण आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीचे पडदे रंगवले, ही गोष्ट मात्र खरी. पुढे बाबूराव सिनेमाकडे वळले आणि कोल्हापूर सिनेमाचे गाव झाले. पण त्या सगळ्या करामतीची पहिली बोटे नाटकाच्या पडद्यावर फिरली होती. मामा हे अशा थाटात सांगत, की जणू ब्रश धुवायचे पाणी त्यांनीच भरून ठेवले होते.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका दुपारी मामा मला नाट्यगृहात घेऊन गेले. रात्री प्रयोग होता आणि बाहेर लावायच्या बोर्डावरचे एका नटाचे नाव चुकले होते. ‘शं’वरचा अनुस्वार राहिला होता. नटाचा एक अनुस्वार म्हणजे काय चीज असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. मामांनी तो टिंब देऊन टाकला आणि मग म्हणाले, “चल, तुला एक गंमत दाखवतो.”

आत मिट्ट काळोख. एकच दिवा रंगमंचावर जळत होता. मामांनी मला वर उभे केले आणि स्वतः अंधारात चालत चालत अगदी शेवटच्या रांगेपर्यंत गेले. तिथून त्यांचा आवाज आला, “आता तुझं नाव सांग. वरडायचं न्हाई. आईच्या कानात सांगतोस तसं सांग.”

मी सांगितले. माझेच नाव मला परक्यासारखे वाटले. ते माझ्यापासून सुटून, कुठे न अडखळता, त्या काळोखात दूरवर चालत गेले.

“ऐकू आलं,” मामा म्हणाले. “मधे एक खांब न्हाई बघ. महाराजांनी बांधलंय.”

‘महाराज’ म्हटले की कोल्हापुरात आडनाव लावावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी पाहिलेल्या गोष्टींपैकी काही गोष्टी कोल्हापुरात नवे रूप घेऊन उतरल्या. रोमन आखाड्याच्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान झाले, ते १९१२ साली. आणि त्या मैदानाला अगदी खेटून नाट्यगृह उभे राहिले. १९१३ साली काम सुरू झाले, १९१५ साली पुरे झाले. नाव होते ‘पॅलेस थिएटर’. आमच्या मामांच्या पिढीची माणसे शेवटपर्यंत ‘पॅलेस थेटर’च म्हणत. ‘केशवराव भोसले नाट्यगृह’ हे नाव १९५७ साली मिळाले.

ते वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १९१५ साली महायुद्ध पेटलेले होते. संस्थान लहान, उत्पन्न मर्यादित. त्याच काळात महाराज राधानगरीला धरण बांधत होते, वसतिगृहे काढत होते, शाळा चालवत होते. अशा वेळी कुणी म्हटले असते, ‘महाराज, आधी पाणी, आधी शाळा, नाटक कशाला?’ तर तो माणूस शहाणाच ठरला असता. महाराजांनी पाणीही आणले, शाळाही काढल्या आणि नाट्यगृहही बांधले. नाट्यगृह शहराबाहेर एखाद्या मोकळ्या माळावर बांधणेही त्यांना सोपे होते. त्यांनी ते शहराच्या काळजात, तालमींच्या आणि पेठांच्या मधे बांधले. मामांचे यावर एक भाष्य होते. ते म्हणत, “पैलवानानं आणि गवयानं एकाच किटलीतला चहा प्यावा, म्हणून महाराजांनी दोघांची भिंत एक केली.” इतिहासकारांना हे मान्य होईल की नाही कोण जाणे, पण त्या भिंतीपाशी चहा पिणाऱ्या कोणत्याही माणसाला ते पटले असते.

आणि ज्यांचे नाव त्या वास्तूला मिळाले, ते केशवराव कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी; पोर वयातच नाटक मंडळीत पडले. वयाची विशी गाठण्याआधी, १९०८ साली, हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे दोन नायक एका रंगमंचावर! त्या प्रयोगाच्या गोष्टी महाराष्ट्राने दोन पिढ्या सांगितल्या. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. एकतीस वर्षांचे आयुष्य! मी एकतीस वर्षांचा झालो तेव्हा माझ्या नावावर एक कादंबरी आणि सोसायटीचे कर्ज होते.

तर असे ते नाट्यगृह. पण मी त्याचे देऊळ करणार नाही. माझ्या लहानपणी मला त्याचा इतिहास ठाऊक नव्हता. ठाऊक होती ती त्याच्या बाहेरची संध्याकाळ.

प्रयोग रात्री नऊला. पण त्या भागाचा प्रयोग दुपारी चारलाच सुरू होई. कंपनीची गाडी येऊन उभी राही. ट्रंका, खुर्च्या, खोटी झाडे, खरा पलंग असे सामान उतरू लागे. हमालांना काम मिळे. शेजारचा चहावाला दुसरा स्टोव्ह पेटवी. इस्त्रीवाल्याकडे नटांचे सदरे जात. कुठल्यातरी पेटीची पट्टी चिकटलेली असे, मग पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावणे जाई. सहा वाजता सायकली लावणारा दोर बांधून जागा आखी. सातला भेळेच्या गाड्यांवर चिंचेचा वास सुटे. आठला बायामाणसे येऊ लागत, आणि तेव्हा रंगमंदिराच्या तोंडाशी आक्का आपली पाटी मांडून बसलेली असे.

आक्का गजरे विकी. तिला अक्षर वाचता येत नव्हते. पण मामा बोर्ड लावायला आले की ती शिडीखालून विचारी, “पेंटर, आज हसायचं का रडायचं?”

ही चौकशी रसिकतेची नसून धंद्याची होती. रडण्याच्या नाटकाला बायका जास्त येतात, हे तिचे गणित. त्या दिवशी ती दोन पाट्या फुले घेई. हसण्याच्या नाटकाला दीड पाटी. आणि मामांनी वरून “स्पर्धेचं हाय,” असे सांगितले, की आक्का कपाळाला हात लावी. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकाला सगळे दाढीवाले येतात आणि दाढीवाले गजरा घेत नाहीत! त्या दिवशी ती चार गजरे घेऊन बसे आणि त्यातले दोन जाताना मामांच्या सायकलीच्या हँडलला अडकवी. “मामीला द्या,” म्हणे.

नाट्यगृहाने एखादा भाग जिवंत राहतो म्हणतात तो कसा, हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. आक्काच्या पाटीने शिकवले. एक प्रयोग म्हणजे आत बसलेल्या काहीशे माणसांची करमणूक, एवढेच नव्हते. तो बाहेरच्या वीस-पंचवीस चुलींचा संध्याकाळचा जाळ होता. ज्या रात्री प्रयोग नसे, त्या रात्री तोच रस्ता नऊ वाजता डोळे मिटून घेई.

पुढे मी मॅट्रिक झालो. बीजगणिताने मला एकदा परत पाठवले, दुसऱ्यांदा पुढे जाऊ दिले. त्यापुढे कॉलेजचे तोंड पाहिले नाही. मामांच्याच ब्रशावर हात बसलेला होता. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटलो. रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. चार छापून आल्या. लग्न झाले, मुले झाली. आणि या सगळ्यात मी नाटकाला जायचा थांबलो.

का थांबलो, याचे उत्तर मी अनेकदा शोधले. भांडण झाले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती. घरात पडद्यावर हवे ते दिसू लागले, मुलांच्या शिकवण्या संध्याकाळी पडू लागल्या, तिकीट काढायचे म्हणजे चार जणांचा खर्च. प्रत्येक कारण खरे होते आणि एकही पुरेसे नव्हते. आणि गंमत अशी, की मित्रमंडळींत मी नाट्यगृहाविषयी तावातावाने बोलत असे. खुर्च्या कशा आहेत, पंखे कसे आहेत, व्यवस्था कशी नाही. या तक्रारी मी ऐकीव माहितीवर करीत होतो, कारण स्वतः त्या खुर्चीत बसून मला बरीच वर्षे झाली होती.

मामा म्हातारे झाले. छापील फलक आले आणि हाताने बोर्ड रंगवणे संपले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी भेटायला गेलो की ते एकच मागत. “एकदा थेटरात घेऊन चल. नाटक कुठलं का असंना. दिसंल तेवढं बघीन, न दिसंल तेवढं ऐकीन.”

“नेतो की मामा. पुढच्या महिन्यात.”

हे ‘पुढच्या महिन्यात’ मी दोन वर्षे म्हणत होतो. २०१९च्या पावसाळ्यात, पंचगंगा शहरात शिरली त्या आठवड्यात, मामा गेले. त्यांच्या खोलीतून मी एकच वस्तू मागून आणली. ब्रशांचा पत्र्याचा डबा. तो आणून माळ्यावर ठेवला आणि तिकडे पुन्हा पाहिले नाही.

मग ८ ऑगस्ट २०२४. गुरुवार होता. रात्री दहाच्या सुमारास गल्लीत आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी पळत गेले, ‘थेटर पेटलं!’ म्हणत. मी आणि माझा मुलगा धावत गेलो. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वर आभाळ तांबडे झाले होते. छपराचे लाकूड कडाकड मोडत होते आणि दर खेपेला गर्दीतून ‘आई ग’ असा एकच सुस्कारा निघत होता. शेजारच्या कुस्ती मैदानाकडील भागालाही झळ पोचली. पैलवान, नट, रिक्षावाले, दुकानदार सगळे तोंडावर हात ठेवून उभे होते. माणूस कुणी दगावले नाही, एवढेच दैव. पण दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्या घरात दिवे लावायचे, ते घर आदल्या रात्री जळून गेले.

मी रडलो. खोटे कशाला सांगू, अगदी लहान मुलासारखा रडलो. माझा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मला रडताना त्याने कधी पाहिले नव्हते. आणि मुख्य म्हणजे, मला त्या नाट्यगृहात जातानाही त्याने कधी पाहिले नव्हते.

सकाळी पुन्हा गेलो. छप्पर नव्हते. दगडी भिंती उभ्या होत्या. पाण्याने भिजलेल्या राखेचा वास सगळीकडे होता. रस्त्याच्या पलीकडे आक्का बसली होती. आता तिची सून धंदा बघते. आक्का नुसती शेजारी बसून दोरा ओवून देते. त्या दिवशी पाटी नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि काहीबाही बोलू लागलो. फार वाईट झाले, आपल्या गावाचे काळीज गेले, वगैरे. कादंबरीकाराला अशा वेळी वाक्ये सुचतात, ही त्याची मोठी लबाडी आहे.

आक्काने ऐकून घेतले. मग म्हणाली, “व्हय मास्तर. तुमी शेवटचं कवा आलता?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. ती खरोखरच आठवत होती. गिऱ्हाईक लक्षात ठेवणे हा तिचा धंदाच. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, “बरीच वर्षं झाली.”

“तेच,” आक्का म्हणाली. “मला वाटलं, बदली झाली जनू तुमची.”

रात्रीच्या आगीपेक्षा हे वाक्य मला जास्त भाजले. जळालेल्या घरासाठी रडणारे आम्ही हजारो होतो. त्यातले किती जण गेल्या वर्षभरात एक तिकीट काढून आत बसले होते? ज्याला मी चाळीस वर्षे आपल्या घराची खूण म्हणून वापरले, त्याच्या दारातून आत जायला मला सवड झाली नव्हती.

पुढचे दिवस सगळे गाव एकाच विषयावर बोलत होते. सरकारने नाट्यगृह पुन्हा बांधण्याचे जाहीर केले. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही मधल्या सुट्टीत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, जसे होते तसेच, दगडाला दगड लावून बांधा. दुसरा म्हणे, आता संधी आली आहे. मोठे संकुल करा, खाली गाड्या लावायला तळघर, वर दुकाने. आणि त्या भेळेच्या गाड्या न् फूटपाथवरची माणसे कायमची हलवा. शहराचा मध्य कसा चकचकीत झाला पाहिजे!

हे म्हणणारे आमचे गणिताचे सर मोठे सरळ गृहस्थ आहेत. त्यांना कुणाचे वाईट चिंतायचे नव्हते. पण मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो अमेरिकेत न्यूयॉर्कला असतो. तिथल्या ‘लिंकन सेंटर’ नावाच्या कलामंदिरासमोर उभे राहून त्याने मला एकदा फोटो पाठवला होता. फोटो पाहून मी हरखलो. ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे त्या कमानींवर माझा डोळा खिळला. मग मी त्याविषयी वाचत गेलो. जुनाट झालेला भाग उजळावा म्हणून तिथे ऑपेरा, वाद्यवृंद, नृत्य, नाटक असे सगळे एका ठिकाणी आणायचे ठरले. १९५९ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, १९६२ साली पहिले सभागृह उघडले. आज जगभरचे कलावंत तिथे पाय लागावा म्हणून तळमळतात. पण त्या जागेवर आधी एक वस्ती होती. सॅन हुआन हिल तिचे नाव. बहुतेक काळी आणि पोर्तो रिकोकडची गरीब माणसे. त्यांतही वादक होते, नाचणारे होते. सुमारे सात हजार कुटुंबे तिथून उठवली गेली. साठ वर्षांनी, २०२२ साली, ते सभागृह नव्याने सजवून उघडले तेव्हा तिथे जी रचना मुद्दाम करवून वाजवली गेली, तिचे नावच ‘सॅन हुआन हिल’ होते. उठवलेल्या वस्तीचे नाव शेवटी त्याच रंगमंचावर घ्यावे लागले.

मी ही गोष्ट मधल्या सुट्टीत सांगितली. गणिताचे सर म्हणाले, “म्हणजे मास्तर, तुमचे म्हणणे काय, बांधूच नये?”

“बांधावे की! चांगले भक्कम बांधावे. आगीची काळजी घेऊन बांधावे. लिंकन सेंटरमुळे त्या शहराला काय मिळाले तेही मी वाचले आहे. ते थोडे नाही. माझे म्हणणे एवढेच, की आमचे नाट्यगृह महाराजांनी वस्ती उठवून उजळवले नव्हते, वस्तीच्या मधे दिवा लावून उजळवले होते. तो दिवा पुन्हा लावताना आक्काची पाटी कुठे मांडायची, हे नकाशात आधी काढा.”

घंटा झाली म्हणून वाद मिटला. मी आठवीच्या वर्गावर गेलो. फळ्यावर मी नाट्यगृहाची दर्शनी बाजू खडूने काढली आणि मुलांना म्हणालो, “हे आपले नाट्यगृह. आठवून काढा.”

मुले गप्प. एक जण उभा राहिला. “सर, बाहेरनं आठवतंय. आतनं कसं होतं?”

मी विचारले, “आत किती जण गेला होता? हात वर करा.”

बेचाळीस मुलांत तीन हात वर झाले. त्यांतला एक कुणाच्यातरी सत्कारासाठी गेला होता, दुसरा गॅदरिंगच्या नाचासाठी. नाटक पाहिलेले पोर एकच. नाट्यगृहापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेतली ही गोष्ट!

तेव्हा मला कळले, की आग ऑगस्टमध्ये लागली असली तरी विझत आम्ही आधीपासून चाललो होतो. भिंती सरकार बांधील, कंत्राटदार बांधील. पण तिसरी घंटा झाल्यावर अंधारात श्वास रोखून बसायची सवय कोणत्या कंत्राटदाराकडून बांधून घ्यायची? ती ज्याच्या-त्याच्या घरातूनच यावी लागते. माझ्या घरात ती मामांनी आणली होती आणि माझ्यापाशी येऊन ती थांबली होती.

त्या रात्री मी माळ्यावरून ब्रशांचा डबा काढला. निम्मे ब्रश कडक होऊन गेले होते. केरोसिनमध्ये बुडवून ठेवले, पाच-सहा जगले.

२०२५च्या जानेवारीत आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. दरवर्षी नाच असतात; यंदा मी हट्टाने एक तासाचे नाटक बसवले. नाटक मीच लिहिले होते, तेव्हा त्याविषयी जास्त बोलणे बरे नव्हे. पण पडदा आठवीच्या मुलांनी रंगवला. तीन रविवार पटांगणात कापड अंथरून, चारी बाजूंना विटा ठेवून. मामांच्या ब्रशांनी. आकाशाचा निळा थोडा जास्त झाला आणि राजवाड्याचा एक बुरूज दुसऱ्यापेक्षा जाड झाला. तो तसाच राहू दिला.

नाशिकचे स्नेही दसऱ्यानंतर आले होते ना, त्यांनाही बोलावले. आणि आक्काला सांगून आलो. ती म्हणाली, “शाळंत कशाला येऊ मी? मला काय कळतंय?” तरी आली. सुनेला घेऊन, पाटी घेऊन. शाळेच्या फाटकाशी बसली. मी शिडीवर चढून फाटकावर बोर्ड बांधत होतो. हाताने रंगवलेला, एकही अनुस्वार न चुकवलेला. खालून आवाज आला,

“मास्तर, आज हसायचं का रडायचं?”

क्षणभर शिडी हलली असे मला वाटले. मी म्हणालो, “आक्का, मुलांचं नाटक आहे. काय होईल सांगता येत नाही.”

“मग दोन पाट्या मांडते,” आक्का म्हणाली.

शिपायाने शाळेची पितळी घंटा एकदा दिली. दुसऱ्यांदा दिली. पटांगणातला कलकलाट काही थांबेना. आयाबाया एकमेकींना जागा धरून हाका मारत होत्या. मग तिसरी घंटा झाली, मी दिवे घालवले, आणि चार-पाचशे माणसे एकदम गप्प झाली. ती शांतता मी ओळखली. चाळीस वर्षांपूर्वी त्या मिट्ट काळोखात माझे नाव चालत गेले होते, तीच ती.

पडदा सरकला. ‘आतनं कसं होतं’ विचारणारा मुलगा पुढे आला. पहिले वाक्य त्याचे होते. ते तो इतक्या हळू बोलला, की दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेले नसेल. उघड्या पटांगणात महाराजांच्या भिंती नव्हत्या आवाज पोचवायला.

मागून, अगदी फाटकापासून, आक्का ओरडली, “मोठ्यांदी बोल रं पोरा! हितं पातूर ऐकू आलं पायजे!”

सगळे हसले. पोरही हसले. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.